खपली न काढता

“खपली काढू नकोस, व्रण राहील!” हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. जखमांच्या उपचारातली एक जुनी अडचण या धमकीत आहे. जखम भरतेय का, हे कळायला पट्टी सोडावी लागते; आणि सोडली की तिला चिकटलेली नवी, कोवळी त्वचा पुन्हा सोलवटते. एवढं करून दिसतो तो फक्त वरचा भाग. वरून कोरडी वाटणारी जखम आत चिघळत असू शकते.

देवनारमध्ये ही अडचण पोटापाण्याची होते. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे येतोय. तो वेचणाऱ्यांच्या तळपायाला काच लागते, पत्रा लागतो. त्यात मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, तर लागल्याचं कळतही नाही. ड्रेसिंगसाठी दवाखान्याच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. मग खेप टळते, आणि कधी कधी शेवटी पायच कापावा लागतो.

जखम मोजण्याची एक गाजलेली खटपट पहिल्या महायुद्धात झाली. फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात अलेक्सिस कॅरेल आणि त्यांचे सहकारी सैनिकांच्या जखमांवर पारदर्शक कागद ठेवून कडा गिरवायचे आणि क्षेत्रफळ काढायचे. जखम कोणत्या गतीने लहान होते, याचे आलेख त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. पण मोजली जायची ती कड. आत काय चाललंय, ते कागदावर उमटत नव्हतं.

आतली वाट सापडली रक्ताच्या रंगातून. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लालभडक दिसतं, ऑक्सिजन सोडलेलं काळपट. म्हणजे दोन्ही प्रकारचं रक्त वेगवेगळा प्रकाश शोषतं. जॉर्ज स्टोक्स यांनी १८६४ मध्ये हे दाखवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांच्या कानाला लावायचा ऑक्सिमीटर बनवला. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी त्याला नाडीची जोड दिली. १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं, की लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शरीरात बराच खोल जातो आणि आतल्या ऑक्सिजनची खबर घेऊन परत येतो. मोबाइलचा टॉर्च अंधारात बोटाखाली धरा. बोट लाल दिसतं, कारण बाकीचे रंग आतच अडकतात. तत्त्व हेच.

हा प्रकाश जखमांपर्यंतही पोहोचला. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी मधुमेहींच्या पायांवरच्या जखमांवर तो टाकून पाहिला. २०१० मध्ये त्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. भरत जाणाऱ्या जखमांमध्ये हिमोग्लोबिनचं प्रमाण आधी जास्त असतं आणि मग शेजारच्या निरोगी त्वचेच्या पातळीकडे उतरत येतं. न भरणाऱ्या जखमांमध्ये ते चढंच राहतं. जखम आकाराने लहान होण्याची वाट न बघता तिचा कल ओळखता येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली.

न उघडता काम करण्याची ही विद्या देवनारच्या शेजारीही नांदतेय. ट्रॉम्बेला १९७४ मध्ये ‘आयसोमेड’ प्रकल्प सुरू झाला. तिथे गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक होतं, तेही सीलबंद पाकीट न फोडता. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्याच मदतीने हायड्रोजेलची पट्टी तयार केली. ती बहुतांशी पाण्याची, न चिकटणारी आणि पारदर्शक असते. पट्टी जागेवर ठेवून जखम बघता येते. गॅमा किरण म्हणजे प्रकाशाच्याच कुळातले, फक्त कितीतरी जास्त ऊर्जेचे.

मात्र एक प्रश्न उरतो. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला : कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातला घटलेला ऑक्सिजन हे यंत्र गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा हुकवत होतं. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, आणि यंत्राचा हिशेब गडद त्वचेवर पुरेसा तपासलेला नसला तर तो चुकतो. डोळ्यांचंही तसंच. जखमेभोवतीची लाली हे जंतुसंसर्गाचं लक्षण पुस्तकात ठळक असतं. सावळ्या पायावर ती सहज दिसत नाही. म्हणून तर यंत्र हवं. पण लालीपलीकडच्या प्रकाशात मेलॅनिनचा अडथळा कमी होतो, संपत नाही.

तेव्हा असं यंत्र देवनारच्या दवाखान्यात येईल, त्या दिवशी किंमत विचारण्याआधी एक विचारायला हवं : हे कुणाच्या पायांवर तपासलंय? उन्हाने रापलेल्या, भेगाळलेल्या, घट्टे पडलेल्या तळपायांवर ते खरं बोललं, तरच इथल्या माणसाची खेप वाचेल. आणि पायही.