यंत्राची पारख कोणी करायची?

३० जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारने भारतासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षा संस्थेची घोषणा केली. एकच मोठे कार्यालय न उभारता देशभरातील शिक्षणसंस्थांच्या जाळ्यातून हे काम चालावे, अशी तिची योजना आहे. मात्र या विषयाचा इतिहास सरकारांपासून नव्हे, तर मूठभर संशोधकांपासून आणि त्यांच्या ना-नफा संस्थांपासून सुरू होतो.

गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९६० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक इशारा दिला होता. ज्या यंत्राला मध्येच थांबवता येणार नाही, त्याच्यावर सोपवलेले उद्दिष्ट आपल्याला खरोखर हवे आहे ना, याची खात्री आधी करून घेतली पाहिजे, असा त्याचा आशय होता. पुढची चार दशके या प्रश्नाला वाहिलेली संस्था जवळजवळ नव्हतीच.

२००० साली एलिझर युडकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ‘सिंग्युलॅरिटी इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. तिचा मूळ हेतू अतिबुद्धिमान यंत्र लवकर घडवण्याचा होता. पण विचार पुढे जाऊ लागला तसा धोका उमगला आणि संस्थेने दिशा बदलली. २०१३पासून ती ‘मशीन इंटेलिजन्स रिसर्च इन्स्टिट्यूट’ म्हणून ओळखली जाते.

डिसेंबर २०१५ मध्ये ‘ओपनएआय’ही ना-नफा संस्था म्हणूनच जन्माला आली. परंतु महाकाय संगणनाला लागणारा पैसा देणग्यांतून उभा राहीना. २०१९ मध्ये तिने मर्यादित नफ्याची कंपनी काढली. यंत्र घडवणे आणि त्याला लगाम घालणे या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच छपराखाली आल्या.

म्हणून स्वतंत्र परीक्षकाची गरज तीव्र झाली. पॉल ख्रिस्तियानो यांनी २०२१ मध्ये ‘अलाइनमेंट रिसर्च सेंटर’ ही ना-नफा संस्था सुरू केली. जीपीटी-४ खुले होण्यापूर्वी तिच्या चमूने ते स्वतःच्या प्रती पसरवू शकेल का, हे तपासले. ती क्षमता तेव्हा अपुरी आढळली. मात्र एका प्रयोगात प्रारूपाने कोडे सोडवून घेण्यासाठी एका माणसाला आपली दृष्टी अधू असल्याचे खोटेच सांगितले. पुढे हाच चमू ‘मेटर’ ही वेगळी संस्था झाला.

तरीही एक पेच सुटलेला नाही. प्रारूपे कंपन्यांच्या ताब्यात असतात आणि परीक्षकाला आत येऊ द्यायचे की नाही, हे बहुधा त्याच ठरवतात. भारतीय संस्थेची कसोटीही येथेच लागेल. प्रयोगशाळेचे दार उघडण्याचा अधिकार नसेल, तर निष्णात परीक्षकही उंबरठ्यावरच उभा राहील.