पहिला गेमिंग पीसी असेंबल करताय? महागड्या पार्टपेक्षा जोडी जुळणं महत्त्वाचं

घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावात गेमिंग पीसीसाठी घरच्यांना एकदाच पटवता येतं. कपाशीचे किंवा उसाचे पैसे आल्यावर ठरलेलं बजेट हातात पडतं. त्यात एखादा पार्ट चुकला, तर बदलून घ्यायला जालना किंवा छत्रपती संभाजीनगरची चक्कर आलीच. त्यामुळे खरेदीआधीच हिशोब नीट समजून घेतलेला बरा.

बॉटलनेक म्हणजे नेमकं काय?

बैलजोडीत एक बैल दमदार आणि दुसरा मरतुकडा असेल, तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने जाते. पीसीचंही तसंच आहे. प्रोसेसर गेममधल्या हालचालींचा हिशोब करतो, ग्राफिक्स कार्ड त्याचं चित्र तयार करतं. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्यावर एफपीएस अडकतो. यालाच बॉटलनेक म्हणतात.

थोडाफार बॉटलनेक प्रत्येक पीसीत असतो. मोठे गेम खेळताना ग्राफिक्स कार्डचा वापर 95 टक्क्यांच्या पुढे दिसला, तर घाबरू नका. कार्डचे पैसे वसूल होत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण एफपीएसवर मर्यादा लावलेली नसताना कार्ड 50-60 टक्क्यांवरच थांबलं आणि गेम अडखळत असेल, तर बहुतेक वेळा प्रोसेसर कमी पडतोय.

सुरुवात मॉनिटरपासून करा

1080पी स्क्रीनवर सुमारे 20.7 लाख पिक्सेल असतात, 1440पीवर 36.9 लाख. म्हणजे ग्राफिक्स कार्डवरचं काम जवळपास पावणेदोन पट वाढतं. 4केमध्ये ते 1080पीच्या चौपट होतं. 60 हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला 60 चित्रंच दाखवतो, मग कार्ड 150 एफपीएस देत असलं तरी त्याचा पूर्ण फायदा डोळ्यांना मिळत नाही.

कोणते गेम खेळणार, हेही आधी ठरवा. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक 2077सारख्या गेममध्ये ग्राफिक्स कार्डचा.

पैसे कुठे घालायचे?

ढोबळ नियम असा: मॉनिटर सोडून उरलेल्या बजेटचा 35 ते 40 टक्के भाग ग्राफिक्स कार्डला, साधारण 20 टक्के प्रोसेसरला आणि बाकीचा इतर पार्ट्सना. आरजीबी लाइट आणि काचेची कॅबिनेट सगळ्यात शेवटी.

रॅम 16 जीबी घ्यायची असेल, तर एका 16 जीबी स्टिकऐवजी 8-8 जीबीच्या दोन घ्या. ड्युअल चॅनलमुळे प्रोसेसरला डेटा लवकर मिळतो. विंडोज आणि गेम हार्ड डिस्कवर न ठेवता एसएसडीवर ठेवा.

काय कशात बसतं?

एएम5 सॉकेटच्या मदरबोर्डवर फक्त डीडीआर5 रॅम चालते, एएम4वर डीडीआर4. इंटेलच्या एलजीए1700मध्ये दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, पण एका बोर्डला साधारणपणे एकच प्रकार चालतो. पुढे फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर एएम5 सोयीचं. एएमडीने त्याला 2027 आणि त्यापुढेही आधार देण्याचं जाहीर केलं आहे.

इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, तर त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको

आरटीएक्स 4060 कार्डला 115 वॅट लागतात, रायझन 5 5600 प्रोसेसरचा टीडीपी 65 वॅट आहे. बाकी पार्ट्स धरून हिशोब 250 वॅटच्या आसपास जातो. त्यामुळे चांगल्या कंपनीचा 550 वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या सप्लायवर मात्र भरवसा ठेवू नका. तो जळताना मदरबोर्ड आणि कार्डलाही सोबत नेऊ शकतो.

व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात अर्थिंग आधी तपासून घ्या. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॅट बघा. 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटचाच असतो. मॉनिटर जोडून 1000 व्हीए घेतलेला बरा. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, म्हणून समोर जाळी असलेली आणि किमान दोन-तीन पंख्यांची कॅबिनेट निवडा.

पैसे देण्याआधी हे तपासा

- प्रोसेसर आणि मदरबोर्डचं सॉकेट एकच आहे का?
- जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर असेल, तर दुकानदाराने बायोस अपडेट केलं आहे का?
- कार्डची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का?
- प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर असलेलं पक्कं जीएसटी बिल मिळालं का? वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.
- दुकानातच पीसी सुरू करून एखादा गेम चालवून पाहिला का?

घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला जोडा. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो आणि विंडोजमध्ये मॉनिटरचा पूर्ण रिफ्रेश रेट सुरू करा. 'पीसी स्लो आहे' म्हणून दुकानाकडे धाव घेण्याआधी एवढं करून बघा. अनेकदा तक्रार इथेच मिटते.