संगणकीय टंकांतील वर्णसंकेत व मोडी पत्रांचीं लिप्यंतरें

ऐतिहासिक पत्रांच्या रक्षणाचा प्रश्न निघाला म्हणजे वाळवी, कसर आणि ओल या तीन शत्रूंची आठवण होते. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोडी पत्रांचीं जीं बालबोध लिप्यंतरें संगणकावर तयार झालीं, त्यांस चौथाहि शत्रु आहे. तो म्हणजे हरवलेला वर्णसंकेत. त्याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करितों.

संगणक अक्षर जाणत नाहीं. तो अंक सांठवितो. कोणत्या अंकानें कोणतें अक्षर समजावयाचें हा जो करार, तोच वर्णसंकेत. १९६३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन ‘आस्की’ संकेतांत १२८ स्थानें असून तीं रोमन लिपीच्या सोयीचीं होतीं. पुढें २५६ स्थानांचे टंक आले, तेव्हां टंककारांनीं रोमन अक्षरांच्या जागीं काना, वेलांटी, अर्धीं अक्षरें असे देवनागरीचे तुकडे बसविले. प्रत्येकाची मांडणी निराळी. यास्तव एका टंकांतील मजकूर त्या टंकावांचून उघडला असतां निरर्थक चिन्हांची रांग तेवढी दिसते.

१९९१ सालीं ‘इस्की’ हें भारतीय मानक (आयएस १३१९४) ठरलें व त्याच सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. दोहोंचें तत्त्व एकच: अंक आकृतीस नव्हे, अक्षरास द्यावयाचा. ‘किल्ला’ या शब्दांत वेलांटी डोळ्यांस आधीं दिसते. परंतु युनिकोडांत क (२३२५) आधीं व वेलांटी (२३६७) मागाहून, म्हणजे उच्चाराच्या क्रमानें येते.

तथापि एवढ्यानें सर्व संशय फिटत नाहीं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. भेद केवळ रकाराच्या रूपाचा. हा दुसरा रकार खालीं टिंब असलेला ऱ योजून लिहितां येतो, तसाच साध्या र पुढें हलन्तचिन्ह व अदृश्य जोडचिन्ह घालूनहि. छापल्यावर दोन्ही एकरूप. साध्या शोधांत मात्र एकाचा माग घेणाऱ्यास दुसरा सांपडत नाहीं.

२०१४ सालीं मोडीस युनिकोडांत स्वतंत्र स्थान मिळालें. मोडींत ऱ्हस्वदीर्घभेद बहुधा पाळलेला नसतो. बालबोध लिप्यंतरांत तो लिप्यंतरकार आपल्या समजुतीनें घालतो. मोडीच्याच संकेतांत नोंद केल्यास मूळ लेखकाचें चिन्ह जसेंच्या तसें राखतां येतें.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं जुन्या टंकांतील लिप्यंतरें आहेत, त्यांनीं ते टंक चालू आहेत तोंच तीं युनिकोडांत उतरवून मूळ पत्राशीं ताडून पाहावीं, व रकार आणि वेलांटी यांविषयीं पाळलेला नियम प्रत्येक प्रतीच्या आरंभीं नोंदवावा, असें आमचें मत आहे. ज्या पत्राचा कागद पुढें नष्ट होईल, त्याचें लिप्यंतर हेंच एकमेव साधन उरणार आहे.