छावणीतून गावाकडे : भारतीय रग्बी सेव्हन्स संघाची वाटचाल

१८७२ सालच्या नाताळच्या दिवशी कलकत्त्याच्या मैदानावर रग्बीचा एक सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे वीस खेळाडू होते, तर दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे वीस. भारतातील रग्बीचा लिखित इतिहास या सामन्यापासून सुरू होतो. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८७३ मध्ये, कलकत्ता फुटबॉल क्लबची स्थापना झाली. मात्र हा उत्साह फार काळ टिकला नाही. लष्कराची पलटण शहरातून हलली, हवामान सोसेना आणि सभासद टेनिस व पोलोकडे वळले. अखेर क्लब बंद करायची वेळ आली. तेव्हा सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपात काढली, ती वितळवून एक चषक घडवला आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या या 'कलकत्ता कप'साठी १८७९ पासून आजतागायत इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात सामना होतो.

त्यानंतरची कित्येक दशके हा खेळ छावण्या आणि जिमखान्यांपुरताच राहिला. हैदराबाद कंटिन्जंटची छावणी असलेल्या हिंगोलीसह देशातील अनेक लष्करी ठाण्यांत इंग्रज अधिकारी राहून गेले. क्रिकेट आणि हॉकी गावोगावी पोहोचले. रग्बी मात्र रुजले नाही. मुंबईत १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याने हा खेळ सांभाळला. १९२४ पासून अखिल भारतीय स्पर्धा सुरू झाली. पावसाळ्यात मैदान मऊ झाले की हंगाम सुरू व्हायचा. स्वातंत्र्यानंतर इंग्रज खेळाडू परतले, तेव्हा मुंबई आणि कलकत्त्यातील मोजक्या क्लबांनी आणि लष्करातील संघांनी या खेळाचा दिवा विझू दिला नाही. १९६८ साली इंडियन रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना झाली आणि खेळाला देशपातळीवरची संघटना मिळाली.

संघटना उभी राहिली, पण राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय मैदानावर उतरायला आणखी तीस वर्षे गेली. १९९८ साली भारताने सिंगापूरविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. त्या पहिल्या संघात अभिनेते राहुल बोस होते. संघ सामना हरला तरी आशियाई रग्बीच्या पटावर भारताचे नाव आले. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाचे सहयोगी सदस्यत्व आणि २००१ मध्ये पूर्ण सदस्यत्व मिळाले. योगायोग असा की, १ मे १९९९ रोजीच परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरील भारतीय रग्बी यांची वये जवळपास सारखीच आहेत.

पूर्ण रग्बीत पंधरा-पंधरा खेळाडू असतात. त्यासाठी दांडगे शरीर, वर्षानुवर्षांची तयारी आणि मोठा ताफा लागतो. सात जणांच्या सेव्हन्सचा जन्म १८८३ साली स्कॉटलंडमधील मेलरोज गावी झाला. गावच्या क्लबला निधी हवा होता आणि मोठे संघ बोलावणे परवडणारे नव्हते, म्हणून नेड हेग या खाटकाने सात जणांच्या सामन्यांची कल्पना मांडली. मैदान तेच राहते. वेळ मात्र सात-सात मिनिटांच्या दोन डावांची असते. मधली विश्रांती दोन मिनिटांची. चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही. पास बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो, पुढे जायचे ते चेंडू हातात घेऊन धावत. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय'चे पाच गुण मिळतात आणि त्यानंतरची किक साधली तर आणखी दोन. चौदा मिनिटांच्या या खेळात चपळाई, दम आणि पकड यांना सर्वाधिक मोल आहे. कबड्डी, कुस्ती आणि धावण्याच्या शर्यतींत वाढलेल्या भारतीय मुलामुलींना हा प्रकार मानवला, याचे कारण इथेच आहे.

  २००९ मध्ये भारतीय महिला संघ प्रथमच आशियाई सेव्हन्स स्पर्धेत उतरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोपनहेगन येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी रग्बी सेव्हन्सला मान्यता दिली. या निर्णयाने जगभर या खेळाचे चित्र पालटले. ऑलिंपिक खेळ म्हटल्यावर शासन, शाळा आणि पालक यांच्याकडे जायला दार उघडले.

२०१० हे वर्ष कसोटीचे ठरले. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत यजमान म्हणून भारताचा पुरुष संघ दिल्ली विद्यापीठाच्या मैदानावर दक्षिण आफ्रिका आणि वेल्ससारख्या बलाढ्य संघांसमोर उभा राहिला. अनुभवी संघांपुढे टिकाव लागला नाही, पण जागतिक दर्जा आणि आपण यांच्यातील अंतर प्रथमच घरच्या प्रेक्षकांसमोर मोजले गेले. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला रग्बीचा प्रथमच समावेश झाला आणि भारताच्या मुली तेथे खेळल्या. या वाटचालीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये मॉस्कोच्या विश्वचषक सेव्हन्ससाठीची महिलांची आशियाई पात्रता स्पर्धा पुण्यात झाली. नेहा परदेशी आणि वाहबिझ भरुचा या पुण्याच्या खेळाडूंनी पुढे राष्ट्रीय संघाचे नेतृत्व केले. भरुचा यांनी फिजिओथेरपीचा व्यवसाय सांभाळून मैदान गाजवले. नोकरी, शिक्षण आणि सराव यांची सांगड घालणाऱ्या त्या पिढीजवळ पैसा थोडा होता. मैदान मिळवण्यासाठी त्यांना झगडावे लागले. मुलींनी अंगावर धडका घेणारा खेळ खेळावा का, या प्रश्नाला घरोघरी उत्तर द्यावे लागले. ते उत्तर त्यांनी खेळूनच दिले.

याच काळात देशाच्या दूरदूरच्या भागांत संघाची खरी पायाभरणी चालली होती. भुवनेश्वर येथे अच्युत सामंत यांनी आदिवासी मुलांसाठी उभारलेल्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या संघाने २००७ साली लंडनमधील चौदा वर्षांखालील मुलांची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. कोलकात्यात पॉल वॉल्श यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जंगल क्रोज फाउंडेशनने वस्त्यांमधील मुलांना रग्बी शिकवले. तोच खेळ पुढे उत्तर बंगालमधील सरस्वतीपूर चहामळ्यात पोहोचला आणि तेथील मजुरांच्या मुली राष्ट्रीय संघापर्यंत गेल्या. संध्या राय हे त्यांतील ठळक नाव. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील श्वेता शाही हिने चित्रफिती पाहून खेळाचे धडे घेतले आणि देशाची जर्सी मिळवली. लष्कराच्या संघांनी पुरुष गटाला शिस्त आणि खेळाडू पुरवले. हरियाणा, ओडिशा, दिल्ली, केरळ आणि महाराष्ट्रातील असंख्य शिक्षक, पंच आणि संघटकांची नावे वर्तमानपत्रांत आली नाहीत. संघाच्या प्रत्येक विजयात त्यांचा हात आहे.

या कष्टांना फळ आले. जून २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी पंधरा जणांच्या सामन्यात सिंगापूरचा २१-१९ असा पराभव केला. त्या प्रकारातील हा भारतीय महिलांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. अखेरच्या क्षणी सुमित्रा नायकच्या किकने तो निश्चित केला, तर कर्णधारपदी वाहबिझ भरुचा होत्या. २०२० मध्ये ओडिशा शासनाने राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व स्वीकारले. त्याच सुमारास कोविडच्या साथीने मैदाने बंद पडली, पण सराव थांबला नाही. २०२१ मध्ये राहुल बोस संघटनेचे अध्यक्ष झाले. पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यातला खेळाडूच कारभाराच्या अग्रभागी आला. त्याच वर्षी ताश्कंद येथे अठरा वर्षांखालील मुलींनी आशियाई सेव्हन्समध्ये रौप्यपदक पटकावले. २०२२ मध्ये जकार्ता येथील आशिया रग्बी सेव्हन्स ट्रॉफीत वरिष्ठ महिला संघाने रौप्य मिळवले आणि २०२४ मध्ये काठमांडू येथे ते पुन्हा हाती आले. वैष्णवी पाटील, कल्याणी पाटील अशा महाराष्ट्राच्या मुली या काळात राष्ट्रीय संघातून खेळल्या.

अपयश टळले नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत जपान आणि हाँगकाँगसारख्या संघांनी भारतीय महिलांना मोठ्या फरकाने हरवले. ऑलिंपिकचे तिकीट अजून मिळालेले नाही. वेग, शरीरबळ आणि सामन्यांचा अनुभव या तिन्ही बाबतींत पुढचा पल्ला मोठा आहे, हे संघानेही ओळखले आहे.

म्हणूनच २०२५ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. सेव्हन्सचा महान खेळाडू मानला जाणारा फिजीचा वायसाले सेरेवी भारतीय संघाच्या प्रशिक्षणासाठी आला. जूनमध्ये मुंबईतील अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघांत जगातील नामवंत खेळाडूंसोबत भारतीय तरुण उतरले आणि चेन्नई बुल्सने विजेतेपद मिळवले. ऑगस्टमध्ये बिहारच्या राजगीर येथे वीस वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धेचे यजमानपद भारताकडे होते आणि भारतीय मुलींनी कांस्यपदक जिंकले. श्वेता शाहीच्या नालंदा जिल्ह्याच्याच मातीवर हे पदक मिळाले, ही या प्रवासाची मोठी पावती होय.

छावणीत सुरू झालेला हा खेळ आज चहामळ्यात, आदिवासी वसतिगृहात आणि शेताच्या बांधावर वाढतो आहे. भारतीय सेव्हन्स संघाची ताकद या तळातूनच येते. हिंगोली जिल्ह्यातही हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांतील कबड्डीच्या मैदानांवर पकड घट्ट असलेली आणि माळावर वाऱ्यासारखी धावणारी मुले-मुली आजही आहेत. शाळांनी आणि क्रीडा शिक्षकांनी त्यांच्या हाती लंबगोल चेंडू द्यावा. एक चेंडू, चुन्याने आखलेले मैदान आणि शिकवायला तयार असलेला एक माणूस एवढ्यावर सुरुवात होते. सरस्वतीपूर आणि नालंद्यात ती याहून अधिक साधनांनी झाली नव्हती.