मोजणीचा कागद आणि माणसाचा हक्क

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८१ च्या फेब्रुवारीत मी जनगणनेचं काम केलं होतं. तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. शिक्षकांना प्रगणक म्हणून नेमायचं हा शिरस्ताच होता. खांद्याला पिशवी, पिशवीत कोरे फॉर्म, आणि सकाळ-संध्याकाळ दारोदार. एका घरी ओसरीवर एक आजी बसल्या होत्या. घरात माणसं किती, कोण काय करतं, शाळेत कोण गेलं, सगळं त्यांनी न कंटाळता सांगितलं. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "मास्तर, समदं लिवून घेतलंसा, पर ह्ये जानार कुटं?"

मी प्रशिक्षणात शिकवलेलं उत्तर दिलं, "सरकारकडं जातं, आजी. गुप्त राहतं."

त्याच आठवड्यात गावातल्या एका व्याजबट्टा करणाऱ्या गृहस्थांनी मला चहाला बोलावलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, त्या आळीत कुणाच्या घरी कमावती माणसं किती, तेवढं बघून सांगा. नुसता आकडा." मी नाही म्हटलं. पण खरं सांगायचं तर ते नाही म्हणणं तत्त्वाचं नव्हतं, भीतीचं होतं. जनगणनेची माहिती बाहेर फोडली तर शिक्षा होते, एवढंच मला ठाऊक होतं. का होते, हे मला वर्गातल्या मुलांना समजावून सांगता आलं नसतं.

त्या 'का'चं उत्तर मला फार उशिरा, निवृत्तीनंतर जर्मनी आणि हॉलंडचा इतिहास वाचताना मिळालं. आज संगणक, मोबाइल आणि खासगी माहिती यांबद्दलचे सर्वांत कडक कायदे युरोपात आहेत. आपली अशी समजूत असते की हे कायदे संगणकाबरोबर आले. पण त्यांची मुळं शोधत गेलं की आपण एका जनगणनेपाशी पोचतो.

सत्तावीस एप्रिलची तारीख

पश्चिम जर्मनीत २७ एप्रिल १९८३ रोजी जनगणना व्हायची होती. तिचा कायदा आदल्या वर्षीच संसदेत एकमताने संमत झाला होता. प्रश्नही तसे साधेच होते. नाव, पत्ता, धंदा, कुठल्या धर्मसंस्थेचे सदस्य, कामावर कशाने जाता, घरभाडं किती, घर गरम ठेवायची सोय कोणती. आपल्याकडे असे प्रश्न कोणी विचारले तर आपण चहा पाजून उत्तरं देऊ. तिथे मात्र लोक बिथरले. गावोगावी बहिष्कार समित्या उभ्या राहिल्या. मोजतात ती मेंढरं, माणसं नव्हेत, अशा अर्थाच्या घोषणा भिंतींवर दिसू लागल्या. शेकडो नागरिकांनी कार्ल्सरूहे इथल्या घटना न्यायालयात तक्रारी गुदरल्या.

एवढं बिथरायला काय झालं होतं? एक कारण ताजं होतं. सत्तरच्या दशकात जर्मन पोलीस अतिरेक्यांच्या मागावर होते, आणि त्यांनी संगणकाचा एक नवा उपयोग शोधून काढला होता. अतिरेकी खोट्या नावाने घर घेतात, बँकेत खातं ठेवत नाहीत, म्हणून वीजबिल रोखीने भरतात. तेव्हा १९७९ मध्ये फ्रँकफुर्टला रोखीने बिल भरणाऱ्यांची यादी काढली गेली आणि नगरपालिकेच्या व इतर नोंदींशी ताडून एकेक नाव गाळत नेलं गेलं. अतिरेकी सापडावा असंच सर्वांना वाटत होतं. पण ज्यांचा काही संबंध नाही अशा हजारोंची नावंही त्या चाळणीतून गेली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, तशी वीजबिलावरून माणसाची परीक्षा करता येते, हे लोकांच्या लक्षात आलं.

दुसरं कारण जुनं होतं, आणि जास्त खोल होतं.

पाकिटातलं कार्ड

१७ मे १९३९ रोजी हिटलरच्या राजवटीने जनगणना घेतली. मुख्य फॉर्मबरोबर प्रत्येक घरी एक पुरवणी कार्ड दिलं गेलं. तुमच्या चार आजी-आजोबांपैकी कोणी वंशाने ज्यू होतं का, हे त्यात लिहायचं होतं. कार्ड बंद पाकिटात घालून द्यायचं होतं. उत्तरं मोजायला होलेरिथ यंत्रं होती. हर्मन होलेरिथ या अमेरिकन माणसाने १८९० च्या अमेरिकन जनगणनेसाठी हे यंत्र वापरात आणलं होतं. कल्पना सोपी होती. प्रत्येक माणसामागे एक कार्ड, प्रत्येक उत्तरामागे ठरलेल्या जागी एक भोक. कार्डावर धातूच्या सुया दाबल्या की जिथे भोक असेल तिथे सुई आरपार जाऊन विजेचं मंडल पूर्ण होतं आणि गणकाचा काटा एक घर पुढे सरकतो. लाखो माणसांमधून हव्या त्या खुणेची माणसं वेगळी काढणं पूर्वी वर्षांचं काम होतं, ते आठवड्यांचं झालं.

त्या पाकिटांचा नेमका किती वापर पुढच्या संहारात झाला, यावर इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. हॉलंडबद्दल मात्र फारशी शंका नाही. तिथली लोकसंख्या-नोंदणी युरोपात नावाजलेली होती. प्रत्येक नागरिकाचं कार्ड, त्यावर पत्ता आणि धर्मही. हे कोणी वाईट हेतूने केलं नव्हतं. कारभार नीट चालावा म्हणून प्रामाणिक कारकुनांनी ते केलं होतं. मे १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि ती कपाटं त्यांना आयती मिळाली. हॉलंडमधल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. पश्चिम युरोपात एवढं मोठं प्रमाण दुसऱ्या कुठल्याही देशात नव्हतं. याची कारणं अनेक आहेत, पण नीटनेटकी नोंदणी हे त्यांतलं एक मानलं जातं.

ॲमस्टरडॅमच्या काही लोकांना हे त्याच वेळी उमगलं होतं. २७ मार्च १९४३ च्या संध्याकाळी पोलिसांचे गणवेश घातलेली एक टोळी प्राणिसंग्रहालयाशेजारच्या नोंदणी कार्यालयात शिरली. पुढारी होते शिल्पकार गेरिट व्हान डेर वेन आणि चित्रकार-लेखक विलेम आरोंडेयस. पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन बागेत नेऊन ठेवलं, कपाटं उपसून कार्डांचे ढीग केले आणि स्फोट घडवला. आग विझवणारे बंबवाले मुद्दाम सावकाश आले, आणि आल्यावर गरजेपेक्षा जास्त पाणी मारून उरलेली कार्डंही भिजवून ठेवली. एवढं करूनही सुमारे १५ टक्केच कार्डं नष्ट झाली. पुढे फितुरी झाली आणि १ जुलै १९४३ रोजी आरोंडेयससह बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कार्डं जाळण्यासाठी माणसं प्राण देतात! माझ्या पिशवीतही तसेच कागद होते.

कार्ल्सरूहेचा निकाल

आता पुन्हा १९८३ कडे येऊ. न्यायालयाने १३ एप्रिलला, म्हणजे मोजणीला दोन आठवडे उरले असताना, जनगणना थांबवली आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी अंतिम निकाल दिला. हा निकाल जनगणनेच्या विरुद्ध होता असं अनेकांना वाटतं. तसं नाही. देशाला मोजणी हवी, शाळा आणि दवाखाने कुठे काढायचे हे त्याशिवाय कळणार नाही, हे न्यायालयाने मान्य केलं. बहुतेक प्रश्नही त्याने योग्य ठरवले. बोट ठेवलं ते एका कलमावर. मोजणीत मिळालेली माहिती नगरपालिकांनी आपल्या रहिवासी-नोंदी दुरुस्त करायला वापरावी, अशी सोय कायद्यात होती. म्हणजे आकडेवारीसाठी म्हणून घेतलेला कागद उद्या त्याच माणसाविरुद्ध कारभारात वापरता आला असता. न्यायालयाने ही सोय रद्द केली. मोजणारं खातं आणि कारभार करणारं खातं यांच्यात भिंत हवी, असं त्याने बजावलं.

याहून महत्त्वाची होती त्यामागची विचारसरणी. न्यायाधीशांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की संगणकाच्या काळात क्षुल्लक माहिती असं काही उरलेलं नाही. एकटी असताना निरुपद्रवी वाटणारी नोंद दुसऱ्या नोंदीशी जोडली की तिचा अर्थ बदलतो. दुसरी गोष्ट अशी की आपल्याबद्दल कोणाला काय ठाऊक आहे हे ज्याला माहीत नाही, तो माणूस मोकळेपणी वागू शकत नाही. सभेला गेलो तर नोंद होईल, या विचाराने तो सभेला जाणं टाळेल. यात नुकसान त्याचं एकट्याचं नाही, लोकशाहीचंही आहे. म्हणून माणसाच्या प्रतिष्ठेच्या घटनादत्त अधिकारातूनच न्यायालयाने एक नवा अधिकार काढला. त्याला आपण माहितीविषयक स्वयंनिर्णयाचा अधिकार म्हणू. माझी माहिती कोणी, कशासाठी वापरायची हे ठरवण्यात मूळ शब्द माझा.

हे बीज अगदी कोऱ्या जमिनीत पडलं नव्हतं. जर्मनीच्या हेसे राज्याने १९७० मध्येच माहिती-संरक्षणाचा कायदा केला होता आणि तो जगातला पहिला मानला जातो. सरकारी कचेऱ्यांत संगणक येत असतानाच त्यांच्यावर देखरेख ठेवणारा अधिकारी तिथे नेमला गेला. १९७३ मध्ये स्वीडनने देशव्यापी कायदा केला. पण कायदा सरकार करतं आणि सरकारच बदलू शकतं. १९८३ नंतर ही गोष्ट नागरिकाच्या मूलभूत हक्काची झाली.

सुधारलेल्या कायद्यानुसार २५ मे १९८७ रोजी अखेर जनगणना झाली. बहिष्कारवाले तेव्हाही होतेच. फॉर्मवरचा क्रमांक कात्रीने कापून लोक फॉर्म परत करत. डॉर्टमुंडच्या फुटबॉल मैदानाच्या हिरवळीवर कोणीतरी रात्री भल्यामोठ्या अक्षरांत 'जनगणनेवर बहिष्कार घाला' अशा अर्थाची घोषणा रंगवली. सामना तोंडावर, रंग पुसला जाईना. तेव्हा व्यवस्थापकांनी आधी 'राष्ट्राध्यक्ष म्हणतात' आणि शेवटी 'नका' अशा अर्थाचे शब्द रंगवून घोषणाच उलटी केली! या भांडणात विनोदाला जागा होती, याचं मला बरं वाटतं.

तिथून इथपर्यंत

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९९५ मध्ये युरोपीय महासंघाने सदस्य देशांसाठी माहिती-संरक्षणाचं समान निर्देशपत्र काढलं. २००६ मध्ये उलटा वारा आला. दहशतवादाच्या भीतीने, कोणी कोणाला कधी फोन केला याच्या नोंदी टेलिफोन कंपन्यांनी निदान सहा महिने जपून ठेवाव्यात असा नियम झाला. युरोपीय न्यायालयाने तो ८ एप्रिल २०१४ रोजी रद्दबातल ठरवला, कारण कशाचाही संशय नसलेल्या सगळ्यांवरच तो नजर ठेवत होता. आणि २५ मे २०१८ पासून महासंघभर एकच नियमावली लागू झाली. ती मोडणाऱ्या कंपनीला जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

या कायद्यांवर टीकाही होते. छोट्या उद्योजकाला कागदपत्रांचा जाच होतो, आणि संमतीची खिडकी उघडली की लोक न वाचता 'हो' दाबतात, हे खरंच आहे. पण त्यांचा गाभा एका ओळीत सांगता येतो. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा, लागेल तेवढीच घ्या, आणि काम झालं की पुसून टाका.

आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यात हा विचार आधीपासूनच आहे. प्रगणकाने भरलेला कागद कोणाला पाहता येत नाही, इतकंच काय, पुरावा म्हणून न्यायालयातही मागता येत नाही. त्या सावकाराला मी नाही म्हटलं ते या कायद्याच्या जोरावर. बाकी माहितीचं काय, हा प्रश्न मात्र पुढे बरीच वर्षं लोंबकळत राहिला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्या निकालपत्रात युरोपच्या नियमावलीचाही उल्लेख आला. २०२३ मध्ये आपल्या संसदेने डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. सरकारला त्यात दिलेल्या सवलती फार मोठ्या आहेत असं अनेक जाणकारांचं म्हणणं आहे. कार्ल्सरूहेची भिंत नेमकी सरकारच्याच दोन खात्यांमध्ये होती, हे आठवलं की त्या म्हणण्याचं वजन कळतं.

त्या ओसरीवरच्या आजींना शाळा माहीत नव्हती. पण जर्मनीच्या न्यायाधीशांनी जो प्रश्न घटनेच्या भाषेत विचारला, तो त्यांनी मला दोन वर्षं आधी साध्या बोलीत विचारला होता. हे जाणार कुठं? आज दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात, सोसायटीच्या फाटकावर वहीत नाव-गाव लिहून घेतात, फोनमध्ये घेतलेलं एखादं नवं ॲप आपल्या सगळ्या ओळखीच्यांचे नंबर मागतं. प्रत्येक वेळी भांडायची गरज नाही. पण आजींसारखं एकदा विचारायला काय हरकत आहे? समोरच्याकडे उत्तर नसेल, तर मलाही तेव्हा ते नव्हतं. पुन्हा जनगणनेची पिशवी खांद्याला आली, तर मात्र मी त्या ओसरीवर घटकाभर जास्त बसेन, आणि 'गुप्त राहतं' एवढ्यावर न थांबता ते का गुप्त राहायला हवं, हेही आजींना सांगेन.