मकबऱ्याची मिरास

छत्रपती संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यात, मागे डोंगररांग आणि पुढे चारबागेचे पाट अशा रचनेत उभ्या असलेल्या बीबी का मकबऱ्यास ताजमहालाची नक्कल म्हणून मोकळे होण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, ही नक्कल कोणी केली, कोणत्या अधिकाराने केली आणि तिच्यात कोणत्या घराण्याची मिरास जतन झाली, हे विचारण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. मला मात्र या वास्तूची कुळकथा तिच्या रूपाहूनही मोलाची वाटते. कारण ती उत्तरेतून दक्षिणेत आलेल्या दोन कुळांची कथा आहे, एक राज्यकर्त्यांचे आणि दुसरे स्थपतींचे.

राज्यकर्त्यांच्या कुळाची हकिकत परिचित आहे. मलिक अंबरने 1610 साली वसविलेल्या खडकीस, दख्खनची सुभेदारी दुसऱ्यांदा हाती आल्यावर, शाहजादा औरंगजेबाने आपले नाव देऊन तिचे औरंगाबाद केले, तेच आजचे हे शहर. त्याची प्रथम पत्नी दिलरसबानू, इराणच्या सफवी राजवंशातील शाहनवाजखानाची कन्या, 1657 च्या सप्टेंबरात अकबर या पुत्रास जन्म देऊन महिन्याभरातच निवर्तली. तिची सासू मुमताजमहल हिचाही अंत 1631 साली प्रसूतीतच आणि दक्षिणेच्या वेशीवर, बुऱ्हाणपुरास, झाला होता, परंतु तिचा देह आग्र्यास नेण्यात आला, तर सुनेचा देह दख्खनच्याच मातीत, याच मकबऱ्यात, राहिला. हा फरक मला अर्थपूर्ण वाटतो. मोहिमेवर आलेले कुटुंब आपले मृत परत नेते. वसती करणारे कुटुंब त्यांच्यासाठी येथेच जागा राखते.

दुसऱ्या कुळाचे नाव मकबऱ्याच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या दारावर कोरलेले आहे: स्थपती अताउल्ला, आणि त्याच्या शेजारी अभियंता हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालाचा आणि दिल्लीच्या लाल किल्ल्याचा शिल्पकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी याचा पुत्र. बापास ताजचे श्रेय मिळते तेही मुख्यत्वे अताउल्लाचा धाकटा भाऊ लुत्फुल्ला याच्या फारसी काव्यातील उल्लेखामुळे. आणि या लुत्फुल्लाने 1659 साली मांडूच्या होशंगशाहाच्या संगमरवरी कबरीस आदरपूर्वक भेट दिल्याचा लेख तेथे आजही आहे. पूर्वसूरींच्या कामापुढे नतमस्तक होण्याचा हा संस्कार त्या घरात होता. गुरूची चीज शिष्याने गाइली तर आपण तिला घराण्याची गायकी म्हणतो. मग बापाचा नकाशा पुत्राने पुन्हा मांडला, तर त्यास नक्कल म्हणून हिणवण्याचे कारण काय?

याहून विलक्षण गोष्ट अशी की, या अताउल्लाने 1634 च्या सुमारास, ताजचे काम चालू असतानाच, भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चा फारसी अनुवाद सिद्ध करून शाहजहानास अर्पण केला होता. आणि भास्कराचार्यांच्या कुळाचा लेख कोठे आहे? कन्नडचा घाट उतरून चाळीसगावाजवळच्या पाटणास. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला, त्याचा हा 1207 सालचा शिलालेख, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळी संस्कृतात असून अखेरच्या ओळी तत्कालीन मराठीत आहेत. उत्तरेत बसून ज्या विद्येचे भाषांतर केले, तिची मिरास जपणाऱ्या मठाच्या इतक्या निकट आपण एके दिवशी घुमट उभारू, ही कल्पना अनुवाद करताना अताउल्लाच्या मनास शिवलीही नसेल.

बांधकामाविषयी थोडक्यात सांगतो. गुलाम मुस्तफाच्या तवारिखेत खर्चाचा आकडा 6,68,203 रुपये 7 आणे असा आहे. ताजच्या मानाने ही रक्कम फारच अल्प. म्हणून संगमरवर खालच्या पट्ट्यास, घुमटास आणि मोजक्याच जागी लागला, आणि उरलेला काळा पाषाण चुन्याच्या सफाईदार गिलाव्याने झाकला गेला. टॅव्हर्नियर या फ्रेंच जवाहिऱ्याने सुरतेहून गोवळकोंड्यास जाताना औरंगाबादेच्या वाटेवर संगमरवराने लादलेले सुमारे 300 गाडे पाहिले, ज्यांतील लहानात लहान गाड्यासही 12 बैल जुंपलेले होते. मकबऱ्याचे श्रेय शाहजादा आझमशाहास देण्याची लोकरूढी आहे. परंतु त्याचा जन्म 1653 चा, आणि इमारत 1660 च्या सुमारास पूर्णत्वास आली, म्हणजे त्या वेळी तो जेमतेम सात-आठ वर्षांचा होता.

मिनारांच्या मानाने मधला भाग अरुंद आहे आणि ताजचा डौल येथे उतरलेला नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तथापि, एका बाबतीत पुत्राने पित्याचा पाठ जसाच्या तसा गिरविला नाही. ताजमध्ये दर्शनार्थी वरच्या दालनातील प्रतिरूप कबर पाहतो, खरी कबर तळघरात दृष्टिआड असते. येथे मात्र वरच्या सज्जातून अष्टकोनी मोकळ्या जागेतून खाली पाहिले की, संगमरवरी जाळीच्या आत खुद्द दिलरसबानूची कबर दिसते. ही रचना मला ताजहूनही अधिक प्रामाणिक वाटते.

तेव्हा वाचकांस विनंती एवढीच की, मकबऱ्यास जाल तेव्हा घुमटाकडे धाव घेण्यापूर्वी मुख्य दाराशी क्षणभर थांबून अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे असलेला लेख अवश्य पाहा. आणि सवड काढून घाटाखाली पाटणासही जाऊन या.