चुलीत गेलेलं नत्र

जॉन ऑगस्टस व्हॉल्कर हा इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनतज्ज्ञ. हिंदुस्थानातली शेती कशी सुधारता येईल हे पाहायला सरकारने त्याला १८८९च्या अखेरीस इकडे पाठवलं. वर्षभराहून अधिक काळ तो देश फिरला. साहेब रयतेला अडाणी ठरवूनच परतणार, असं आपल्याला वाटतं. १८९३च्या त्याच्या अहवालात निघालं उलटंच. शेतकऱ्याला खताचं मोल चांगलं कळतं, असं त्याचं मत होतं.

मग शेण चुलीत का जातं? सरपण नाही म्हणून. जिथे लाकूड मिळतं तिथे शेण शेतात पडतं. गोवरी जळली की राखेत स्फुरद, पालाश उरतं, नत्र मात्र धुराबरोबर उडून जातं. आणि कोरडवाहू ज्वारीला कमी पडतं ते बहुतेकदा नत्रच. सरपण आणि चाऱ्यासाठी राखीव झाडी वाढवा, असं व्हॉल्करने सुचवलं. १८७८च्या कायद्याने गावकऱ्यांचे जंगलावरचे हक्क आवळणाऱ्या सरकारलाच हे सांगायचं, म्हणजे गंमतच!

ज्वारीत तुरीच्या ओळी पेरायची दख्खनची रीत मात्र कुणाच्या परवानगीवाचून चालू होती. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र मिळवून देतात, हे हेल्रिगेलने बर्लिनमध्ये जाहीर केलं १८८६ साली. गाठी त्याआधीही आपलं काम करतच होत्या. पण त्या नत्राचा मोठा वाटा डाळीतून घरात येतो आणि तुराट्या पुन्हा चुलीत जातात. जमिनीच्या वाट्याला राहतात मुळं आणि गळलेला पाला.